प्लेटलेट्सचे मार्क

मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा मी पहिला संशय शाळेवर घेतला. नव्या शाळेतल्या नव्या बाईंनी अगदी गुळगुळीत इंग्रजीत विचारलं होतं, की मुलीच्या नडग्यांवर आणि दंडांवर काळेनिळे डाग दिसतात, घरी काही ताण वगैरे आहे का. म्हणजे आम्ही मुलीला बडवतो का, असं. मी स्वतः बारा वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. पालकांना टोचेल असं पत्र सभ्य भाषेत कसं लिहायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी उलट टपाली कळवलं, की आमच्या घरी मुलांना मारत नाहीत, आणि तुमच्या मैदानात विटांचे ढीग पडलेत ते आधी उचला. पत्र पाकिटात घातल्यावर मला फार बरं वाटलं. मुलीचे पाय मी दुसऱ्या दिवशी बघितले.

विटांचे ढीग तेव्हा सगळीकडेच होते. नव्वदच्या दशकात नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून खासगी कंपनी धरली आणि आम्ही नोएडात राहायला गेलो. नोकरीबरोबर दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर गेलं, सरकारी दवाखाना गेला आणि माझी करोल बागेतली शाळाही गेली, कारण रोज तीन बस बदलून जायचं तर मुलीला कुणाच्या गळ्यात बांधणार. नवऱ्याच्या मते आम्ही पुढे आलो होतो. पुढे म्हणजे यमुनेच्या पलीकडे. आमच्या सोसायटीत केबलवर चाळीस चॅनल दिसत आणि नळाला पाणी येत नसे. कुणी तक्रार केली की सेक्रेटरी सांगायचे, धीरज रखिए, एरिया डेव्हलप हो रहा है.

तर मुलीचे पाय. डाग होतेच, पण त्यांनी मी घाबरले नाही. सात वर्षांची मुलं पडतात. मला खटकले ते घोट्याजवळचे ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे, लाल, बोटाने दाबले तरी न विरणारे. शेजारची बाई म्हणाली, गर्मी आहे, मुलतानी माती लावा. डिसेंबर चालू होता. वरच्या मजल्यावरच्या मॅडम म्हणाल्या, ढेकूण असतील, आणि माझ्या गाद्यांकडे एक नजर टाकून गेल्या. मार्केटमधल्या डॉक्टरने मात्र गाद्यांची चौकशी न करता रक्त तपासायला सांगितलं.

एरवी मुलीला डॉक्टरकडे न्यायला नवऱ्याला सवड नसे, पण आमच्या सेक्टरात उघडलेल्या नव्या लॅबचं त्याला भारी अप्रूप होतं. काचेचा दरवाजा, एसी, कोऱ्या साडीतली रिसेप्शनिस्ट आणि आत परदेशी मशीन. सरकारी दवाखान्यातला रिपोर्ट म्हणजे चिठोऱ्यावर खरडलेले चार आकडे, आणि त्यातला एक डॉक्टरलाही लागायचा नाही. इथे कॉम्प्युटरवर छापलेला लांबलचक कागद. डावीकडे इंग्रजी नावं, मधे मुलीचा आकडा, उजवीकडे नॉर्मल आकडा, आणि जिथे दोन्हींचं जुळत नाही तिथे चांदणी. नवरा खूश होऊन म्हणाला, किती सिस्टिमॅटिक आहे बघ. वीस-बावीस ओळींत चांदणी एकच होती. प्लेटलेट्स, अडतीस हजार. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख. त्या दिवसापर्यंत प्लेटलेट हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता.

मुलांचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी विचारलं, मागच्या महिन्यात हिला सर्दी-ताप येऊन गेला होता का. आला होता. मग ते म्हणाले, अशा तापानंतर कधी कधी मुलाचं शरीर चुकून स्वतःच्याच प्लेटलेट्स मारायला लागतं. ह्या पेशी रक्त थांबवायचं काम करतात, त्या कमी झाल्या की जरा धक्का लागला तरी डाग पडतो. बहुतेक मुलांत हे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप सुधारतं. आकड्यापेक्षा मुलीकडे लक्ष ठेवा. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तोंडात काळे फोड दिसले, शी काळी झाली, डोकं फार दुखलं, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता लगेच घेऊन या. तापाला ॲस्पिरिनसारखी गोळी देऊ नका. आठवड्याने पुन्हा रक्त बघू. आणि अजिबातच सुधारणा झाली नाही तर हाडातला मगज काढून तपासावा लागेल, पण ते पुढचं पुढे.

हे त्यांनी सावकाश, दोनदा सांगितलं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. घरी पोचेपर्यंत आमच्या डोक्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या, अडतीस हजार आणि हाडात सुई. बाकीचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मला त्या घरात चार महिने काही काम नव्हतं, आता मिळालं. मी आलेखाचा कागद आणला. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर हजार, आणि वर दीड लाखावर लाल पेन्सिलीने एक ठसठशीत रेघ. कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, ही रेड लाइन काय आहे. मी म्हटलं, इतके व्हायला पाहिजेत. ती म्हणाली, म्हणजे पासिंग? आणि मी, बारा वर्षांच्या अनुभवाची शिक्षिका, कौतुकाने म्हणाले, हो, पासिंग. पोरगी हुशार आहे, असं मी त्या दिवशी नवऱ्याला सांगितल्याचंही आठवतं.

आमच्या लोकांत मार्क हा काही साधा विषय नाही. पाहुण्याच्या हातात पाण्याचा ग्लास जायच्या आधी पोराची टक्केवारी जाते. दिल्लीत तर ते जास्तच, कारण इथे आपली ना जमीन, ना भाऊबंद. बदलीवर आलेल्या माणसाकडे मिरवायला पोरांचे मार्कच असतात. तेव्हा मुलीच्या रक्ताला मार्क मिळायला लागले, तर आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पुण्याहून सासूबाईंचा दर रविवारी फोन यायचा. पहिलं वाक्य, किती आले गं? तब्येत कशी आहे हे फोन ठेवता ठेवता.

दुसऱ्या खेपेला एक्केचाळीस आले. मी मुलीची पाठ थोपटून शाब्बास म्हटलं आणि शिरा केला. तिसऱ्या खेपेला छत्तीस आले. मी काही बोलले नाही. खरंच काही बोलले नाही, दुपारभर नाही, जेवताना नाही. माझा राग तिच्यावर नव्हता. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की माझं तोंड मिटतं, हा माझा जुना दोष आहे. पण सात वर्षांच्या मुलीला ते कसं कळावं? जेवण झाल्यावर ती रिकामी ताटली घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी बीट पूरा खाल्लं होतं, आई. रोज खाल्लं." मी म्हटलं, बरं, जा खेळ. मग आठवलं, की छत्तीस आलेत म्हणजे खेळायचं नाही, आणि तिला परत बोलावून सोफ्यावर बसवलं.

नियम मी ठरवले होते. चाळीसच्या खाली सोफा. चाळीस ते पन्नास बाल्कनी. पन्नासच्या वर खाली जायची परवानगी, पण डोक्यावर हेल्मेट. नवऱ्याने कुठूनतरी मोठ्या माणसाचं क्रिकेटचं हेल्मेट पैदा केलं होतं. ते तिच्या खांद्यांवर टेकायचं आणि पुढचं दिसण्यासाठी तिला मान मागे टाकावी लागायची. सोसायटीतली पोरं तिला कप्तान म्हणायची आणि कुठल्याच खेळात घ्यायची नाहीत. डॉक्टरांनी ह्यातला एकही नियम सांगितलेला नव्हता. त्यांनी फक्त धक्काबुक्कीचे खेळ टाळा एवढंच म्हटलं होतं. पण डॉक्टरांकडे आलेख नव्हता, माझ्याकडे होता.

डॉक्टर म्हणाले आठवड्याने, मी चौथ्या दिवशी नेऊ लागले. एकदा एकाच सकाळी दोन लॅबमध्ये नेलं, पडताळा म्हणून. एकीने एक्केचाळीस सांगितले, दुसरीने बावन्न. एकाच पेपरला दोन परीक्षकांनी असे मार्क दिले असते तर मी बोर्डाला पत्र लिहिलं असतं. इथे मी मुकाट्याने बावन्नवर टिंब दिलं आणि पहिल्या लॅबला नावं ठेवली. आकडा थोडा इकडेतिकडे होतोच, मशीन बदललं की जास्त होतो, रक्त नळीत किती वेळ राहिलं त्यानेही होतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मुलीचे दोन्ही कोपर आतून निळे पडले होते ते सुयांनी, आजाराने नव्हे.

आणि जानेवारीच्या सुरुवातीला चौसष्ट आले.

घरात सण झाला. नवऱ्याने ऑफिसातून फोन करून पुण्याला कळवलं. मी आलेखावर टिंब दिलं, आधीच्या टिंबांना जोडलं, रेघ अशी छान वर चढली, की मी दोन पावलं मागे सरून बघितलं. त्यानंतरची तपासणी मी पुढे ढकलली. नवऱ्याला सांगितलं, थंडी फार आहे, धुकं आहे, पोरीला कशाला बाहेर काढायचं. खरं कारण वेगळं होतं आणि ते लिहायला मला आजही लाज वाटते. लक्ष्मीबाई नगरला आमच्या जुन्या शेजारणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिथे मला चौसष्ट घेऊन जायचं होतं.

गेले. ह्या शेजारणीला आम्ही काकू म्हणायचो. चौदा बायका, सगळ्यांचे नवरे कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात, आणि प्रत्येकीने आत आल्या आल्या विचारलं, किती? मी म्हणत होते चौसष्ट, आणि त्या म्हणत होत्या, अगं वा. एकीने गव्हांकुराचा रस सांगितला, दुसरीने डाळिंब, तिसरीने पुण्याला न्या म्हणून सांगितलं, कारण दिल्लीच्या डॉक्टरांना काही कळत नाही हे आमच्या मराठी मंडळात सर्वमान्य होतं. मुलगी लांब मोजे घालून सोफ्याच्या कोपऱ्यात बसली होती. तिला काकूंनी तिळाची वडी दिली, ती तिने खाल्ली नाही, मुठीत धरून बसली. एक बाई म्हणाल्या, वळण छान आहे हो मुलीला, दिलं की बकाबका खात नाही. मी खूश झाले.

आमच्या मंडळाची एक श्रद्धा आहे. परक्या शहरात कुठलंही काम असो, रेल्वेचं तिकीट, गॅसचा नंबर, पोराचं ॲडमिशन, त्या खात्यात आपला एक माणूस असतोच. काकूंकडे अशा माणसांची अख्खी वही होती. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, इथेच मागच्या ब्लॉकमध्ये आपले एक डॉक्टर आहेत, विदर्भातले, सरकारी लॅबमध्ये नुसतं रक्ताचंच बघतात. मग त्यांनी आडनाव सांगितलं, आणि ते सांगताना आवाज खाली केला, जसा आमच्याकडे काही आडनावांना करतात. माणूस चांगला आहे हो पण, असंही म्हणाल्या. मी त्या कॉलनीत सहा वर्षं राहिले होते. त्या बिऱ्हाडाशी माझी ओळख फक्त दूध केंद्रावरच्या रांगेतली होती, आणि त्याचं कारण मला माहीत होतं.

नवरा आम्हाला घ्यायला आला होता. रिपोर्टांची फाईल माझ्या पिशवीत कायमच असायची. म्हटलं, चौसष्ट आहेतच, एकदा तज्ज्ञाला दाखवून घेऊ, मनाचं समाधान.

दार त्यांनीच उघडलं. पन्नाशीचे, स्वेटरवर मफलर. त्यांच्या बायकोने लगेच चहा टाकला. आम्ही टेकलो तर समोर टीपॉयवर एक मासिक, मुखपृष्ठावर तेल लावल्यासारखी चकाकणारी म्हैस. नवऱ्याने अदबीने विचारलं, सर, आपण कुठल्या हॉस्पिटलला असता? ते म्हणाले, हॉस्पिटल नाही, मी जनावरांचा डॉक्टर. गाई-म्हशींचं रक्त पसरलेल्या काचा येतात आमच्याकडे देशभरातून, त्या बघतो.

नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं. मी काकूंना मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. परदेशी मशीनवर सात वेळा तपासलेलं माझ्या मुलीचं रक्त घेऊन मी म्हशींच्या डॉक्टरकडे आले होते, आणि चहा येईपर्यंत उठताही येत नव्हतं.

त्यांना आमचे चेहरे वाचता आले असणारच. ते शांतपणे म्हणाले, माणसांवर इलाज मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण रक्ताचा कागद वाचता येतो, तेवढा वाचतो. मी फाईल दिली. त्यांनी म्हैस बाजूला ठेवली आणि सातही रिपोर्ट टीपॉयवर तारखेप्रमाणे मांडले.

मग त्यांनी असा कागद वाचला, की मी सात वेळा काय वाचत होते असं मला झालं. ते म्हणाले, ताई, कधी एक ओळ वाचू नये, तीन एकदम वाचाव्या. ही हिमोग्लोबिनची, ही पांढऱ्या पेशींची, ही प्लेटलेट्सची. तिन्ही हाडाच्या मगजात तयार होतात. तिन्ही घसरल्या तर काळजी मोठी. इथे सातही कागदांवर पहिल्या दोन जागच्या जागी आहेत, एकटी तिसरी कमी आहे. म्हणजे बनतायत, पण बाहेर आल्यावर मरतायत. आणि हे वाचलंत का? त्यांनी कागदाच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात एक ओळ होती, की काचेवर काही प्लेटलेट्स आकाराने मोठ्या दिसतात आणि विचित्र पेशी एकही नाही. मोठ्या म्हणजे ताज्या, नव्या, मगज घाईने बनवून पाठवतोय, ते म्हणाले. तुम्ही ज्या आजाराला घाबरून झोपला नसाल, त्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी ह्या काचेवर कुणाला दिसल्या नाहीत, असं ही ओळ सांगते. ही ओळ सातही रिपोर्टांवर होती. तिच्यात आकडा नव्हता, म्हणून मी ती वाचलीच नव्हती.

मला एकदम हलकं वाटलं. मी चहाचा कप उचलला. तेवढ्यात त्यांनी शेवटच्या कागदावरची तारीख बघितली.

"हा बारा दिवसांपूर्वीचा आहे. त्यानंतर?"

त्यानंतर नाही केला, मी म्हटलं, चौसष्ट आहेत ना.

"होते, ताई. आज किती आहेत ते आपल्याला माहीत नाही."

मग त्यांनी विचारलं, कुठून रक्त येतं का? मी जरा तुटकपणे सांगितलं, की अजिबात नाही, आलं असतं तर मी आलेखावर नोंद केली असती. त्यांनी मान हलवली. मला पुढे काही न विचारता ते खुर्चीवरून उठले आणि मुलीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. तिच्या मुठीतली वडी बघून म्हणाले, खाल्ली नाहीस का बेटा, कडक लागते? तिने मान हलवली. त्यांनी विचारलं, ब्रश करताना बेसिनमध्ये लाल दिसतं का कधी?

ती उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघायला लागली. वर्गात पेपर वाटताना मुलं माझ्याकडे अशी बघायची. मी ते बघणं बारा वर्षं पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

"रोज येतं," ती त्यांना म्हणाली. "मी पानी टाकून साफ करते."

"आणि नाकातून?"

"स्कूलमध्ये. दोन बार. रुमाल मी फेकून दिला."

"आईला का नाही सांगितलंस?"

ती हळू म्हणाली, "सांगितलं की टेस्ट होणार. मग नंबर कम येणार. मग आई बोलत नाही."

 

त्यांनी तिला तोंड उघडायला सांगून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. गालाच्या आत दोन काळे फोड होते, एक चांगला वाटाण्याएवढा. मोजे खाली केले तर पोटऱ्या ठिपक्यांनी भरल्या होत्या. मोजे तीच घालायची, तीच काढायची, आता मोठी झाली म्हणून मी कौतुक करायचे. मुलांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मोजून दिलेल्या खुणांपैकी तीन माझ्या घरात नांदत होत्या आणि मी कपाटाच्या दारावर टिंबं जोडत बसले होते.

ते उठले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, नोएडाला परत जाऊ नका, इथून सरकारी हॉस्पिटल जवळ आहे, मीही येतो. नवऱ्याने गाडी काढली. ते पुढे बसून रस्ता सांगत होते. काकूंच्या दारावरून गाडी गेली तेव्हा बायका वाण घेऊन निघतच होत्या. त्यांनी हात हलवले. मागच्या सीटवर मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि मला तिला विचारायचं होतं, की डोकं दुखतंय का, पण ती खरं सांगेल अशी मला खात्री नव्हती. इतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही.

इमर्जन्सीच्या खिडकीवर ते रांगेत उभे राहिले, तिथल्या माणसाशी बोलले, मुलीला आत घेऊन गेले. तासाभराने आकडा आला. सहा हजार.

पुढचं सगळं बऱ्यापैकी सरळ झालं, कारण ते डॉक्टरांच्या हातात होतं, माझ्या नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाडातली सुईही झाली, जिच्या नावाने मी महिनाभर घाबरत होते. मगज व्यवस्थित होता. मग औषध सुरू झालं, दोन दिवसांत तोंडातलं रक्त थांबलं. सुई टोचायच्या आधी मुलीने विचारलं, खूप दुखणार का. हे तिने नर्सला विचारलं. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून उभी होते.

आठ दिवसांनी आम्ही घरी आलो. औषधाने तिचा चेहरा टोपलीसारखा गोल झाला, पुढे औषध कमी होत गेलं तसा उतरला. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. आजार जसा आला तसा गेला. मंडळात काकूंनी सगळं श्रेय आपल्या वहीला दिलं. पुढच्या हळदीकुंकवाला मी त्या डॉक्टरांच्या पत्नीला माझ्याबरोबर घेऊन गेले आणि सगळ्यांना त्यांचं आडनाव चांगलं मोठ्याने सांगितलं. वाट्यांचा आवाज क्षणभर थांबला, मग एकीने त्यांना विचारलं, मुलं कितवीत, किती टक्के पडतात. म्हटलं, चला, घेतलं एकदाचं आपल्यात.

हा भाग मी लोकांना हसत सांगते. म्हशीचं मासिक, हेल्मेट, चौसष्ट. लोकही हसतात. घरी परतल्यावर मी मुलीला जवळ घेऊन सांगितलं होतं, की आता कुठे लागलं, दुखलं, रक्त आलं तर सगळ्यात आधी मला सांगायचं, मी रागावणार नाही, गप्प बसणार नाही. ती म्हणाली, ओके. मला वाटलं, झालं, विषय संपला. गणितात एकदा रीत चुकली की पोराला नीट समजावून सांगायचं, पुन्हा चुकत नाही, अशी माझी समजूत.

मुलगी आता पस्तिशीला आली. गुरुग्रामला असते, चांगल्या हुद्द्यावर आहे. रोज फोन करते, कामवालीपासून बॉसपर्यंत सगळं सांगते. मागच्या वर्षी एका दुपारी बोलता बोलता म्हणाली, छातीत एक गाठ होती, काढली, रिपोर्ट क्लीन आला. गाठ दोन महिन्यांपूर्वी हाताला लागली होती. तपासणी, ऑपरेशन, टाके निघणं, सगळं होऊन गेलं होतं. ह्या दोन महिन्यांत मी तिच्याशी साठ वेळा तरी बोलले असेन. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "आधी काय सांगणार, आई? रिपोर्ट कुठे आला होता."

ती हे रागाने म्हणाली नाही, तिला ह्यात काही विशेष वाटतही नव्हतं. मी विचारलं, आता दुखतंय का? ती म्हणाली, "नाही गं, बिल्कुल ठीक आहे." तिला खरंच दुखत होतं की नाही, हे मला कळायला काही मार्ग नाही.